तिसऱ्या क्रमांकाची मते

महाड सोडून रायगडाच्या रोखाने निघालेला वाटसरू नातेखिंडीतून आत वळला, की सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले नाते हे गाव त्याला लागते. आणि कोंझर-पाचाड गाठण्याच्या घाईत तो बहुधा तेथे थांबत नाही, कारण त्याची दृष्टी आधीच समोरच्या त्या अजस्र कड्याकडे लागलेली असते. गडाच्या छायेत असलेल्या गावांच्या वाट्याला हे विस्मरण येतेच. परंतु राज्याच्या सर्वोच्च पदावर पुढे कोणी बसावे, ते कोणी ठरवावे आणि ठरवीपर्यंत कारभार कोणाच्या हाती असावा, या प्रश्नाचा इतिहास ज्याला अभ्यासावयाचा आहे, त्याने या वाटेवर अवश्य थांबावे असे मला वाटते. वर गडावर हा प्रश्न सतराव्या शतकात दोनदा उभा राहिला आणि दोन्ही वेळा त्याचे उत्तर मसलतीने आणि तलवारीने मिळाले. खाली नात्यात 14 जानेवारी 1896 रोजी जन्मलेले चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे 1969 साली भारताच्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीस उभे राहिले, आणि तेव्हा त्याच प्रश्नाचे उत्तर मतपत्रिकांच्या मोजणीतून मिळाले.

प्रथम गडाकडे वळू. रायगड, म्हणजे त्या काळची रायरी, स्वराज्यात आली तीच मुळी एका वारशाच्या तंट्याच्या शेवटी. जावळीच्या मोऱ्यांकडे ‘चंद्रराव’ हा किताब वंशपरंपरेने चालत असे. दौलतराव मोरे निपुत्रिक वारला, तेव्हा त्याच्या पत्नीने यशवंतरावास दत्तक घेतले आणि त्या दत्तविधानास शिवाजीमहाराजांचा पाठिंबा होता. पण गादीवर बसलेला नवा चंद्रराव उपकार स्मरण्याऐवजी उलटला, आणि 1656 च्या जानेवारीत महाराजांनी जावळी घेतल्यावर तो रायरीच्या आश्रयास पळाला. त्याच वर्षी रायरीही हस्तगत झाली. अठरा वर्षांनी, 6 जून 1674 रोजी, त्याच डोंगराच्या माथ्यावर राज्याभिषेक झाला.

त्या सोहळ्याने राजा कोण हे जगाला सांगितले. राजानंतर कोण, हे मात्र कोणत्याही सनदेत नोंदले गेले नाही. अष्टप्रधानांची कामे कानूजाबत्याने नेमून दिली गेली होती, दफ्तराची शिस्त होती, गडकोटांवर हवालदार, सरनोबत आणि सबनीस यांच्या अधिकारांची परस्परांवर नजर राहील अशी व्यवस्था होती. इतक्या काटेकोर राज्यव्यवस्थेत एकच जागा मोकळी राहिली, आणि ती सर्वांत वरची होती. त्यात महाराजांचा दोष काढण्याचा माझा हेतू नाही. दिल्लीच्या तख्ताचा निकाल भाऊ भावाच्या रक्ताने लावीत असलेल्या त्या युगात असा लेखी नियम जवळपास कोठेच नव्हता.

3 एप्रिल 1680 रोजी महाराज रायगडावर निवर्तले, तेव्हा थोरले पुत्र संभाजीराजे पन्हाळ्यावर होते आणि दहा वर्षांचे राजाराममहाराज गडावर. मृत्यूची वार्ता बाहेर फुटू नये म्हणून दरवाजांवर बंदोबस्त करण्यात आला. 21 एप्रिलला, म्हणजे तीन आठवड्यांच्या आत, राजारामांच्या मातोश्री सोयराबाई आणि अष्टप्रधानांपैकी अण्णाजी दत्तो यांच्या पुढाकाराने राजारामांस मंचकी बसविण्यात आले. पन्हाळ्याच्या किल्लेदाराने थोरल्या राजपुत्रास तेथेच अटकावून ठेवावे असे पत्र जावयाचे होते, आणि या प्रसंगाविषयी चिटणीसांच्या घराण्यात लिहिल्या गेलेल्या बखरीत एक गोष्ट येते: ते पत्र आपल्या हाताने लिहिण्यास चिटणीस बाळाजी आवजी कचरले आणि अखेर त्यांनी ते मुलाकडून लिहविले. बखर घराण्याचीच आहे, तेव्हा तिच्यात घराण्याचा बचाव असणारच, हे मान्य केले तरी ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. ज्या लेखणीने कोटकिल्ल्यांना हुकूम गेले, ती लेखणी या एका हुकमापाशी अडली, कारण तो देण्याचा अधिकार त्या क्षणी कोणाकडे आहे, हे सांगणारा कोणताही कागद चिटणिसाच्या दफ्तरात नव्हता. पुढे पेशवे मोरोपंत आणि अण्णाजी पन्हाळ्याकडे निघाले. सरनोबत हंबीरराव मोहिते हे सोयराबाईंचे सख्खे बंधू असूनही संभाजीराजांच्या पक्षाला मिळाले, त्यांनी त्या दोघांस कैद केले, आणि जूनमध्ये संभाजीराजे रायगडावर आले. त्यांचा राज्याभिषेक 16 जानेवारी 1681 रोजी झाला. त्याच वर्षी दुसरा कट उघडकीस आल्यावर अण्णाजी दत्तो मारले गेले आणि बाळाजी आवजीही मारले गेले. नियमाच्या अभावाची किंमत अशी निष्ठावंत माणसांच्या प्राणांनी चुकवावी लागली.

दुसरा प्रसंग याहून बिकट होता. 1 फेब्रुवारी 1689 रोजी संभाजीराजे संगमेश्वरी पकडले गेले, त्यांचे पुत्र शाहू अजून बाल होते, आणि मोगलांची फौज गडाकडे येत होती. त्या महिन्यात रायगडावर राजाराममहाराजांचे मंचकारोहण झाले. स्वतःच्या मुलाचा हक्क मागे ठेवून संभाजीराजांच्या पत्नी येसूबाईंनी त्यास संमती दिली. एप्रिलमध्ये राजाराम गडाबाहेर पडले, येसूबाई वेढ्यात राहिल्या, आणि नोव्हेंबरात गड इतिकादखानाच्या हाती जाऊन त्या शाहूंसह कैदेत गेल्या. राज्य टिकले ते एका स्त्रीच्या विवेकामुळे. इतका विवेक प्रत्येक पिढीत आणि प्रत्येक घराण्यात सापडेल, यावर राज्याची इमारत उभी करता येत नाही. आणि म्हणूनच पुढे सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या, हे आपण जाणतोच.

गड पडला, अंमल बदलले, पण खाली खोऱ्यांतून वारशाचा एक कायदा अखंड चालू राहिला, तो वतनाचा. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे यांची वतने पुत्रपौत्रादी वंशपरंपरेने भोगावयाची होती, आणि मराठी दफ्तरखान्यांत वतनाच्या तंट्यांइतके कागद क्वचितच दुसऱ्या कशाचे असतील. मुंबई राज्याच्या 1950 च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतने खालसा केली आणि देशमुख हे केवळ आडनाव उरले. त्यानंतर वर्षभरातच पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली आणि कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर जो उमेदवार निवडून गेला, तो नात्यात जन्मलेला एक देशमुख होता. वतनाच्या नव्हे, मताच्या आधाराने.

चिंतामणरावांचे बालपण रोह्यास गेले. 1912 च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिला क्रमांक आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, केंब्रिजला निसर्गविज्ञान, 1918 साली आयसीएस परीक्षेत पुन्हा पहिला क्रमांक, मध्यप्रांत-वऱ्हाडात नोकरी, 1943 पासून रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, 1944 ची ब्रेटन वुड्स परिषद आणि 1950 ते 1956 केंद्रीय अर्थमंत्रिपद, ही चढती कमान महाराष्ट्राला परिचित आहे. मराठी माणसाच्या स्मरणात मात्र ते राहिले 1956 च्या राजीनाम्यामुळे. मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय मंत्रिमंडळापुढे यथाविधी विचारास न येता जाहीर झाला, ही त्यांची मुख्य तक्रार होती, आणि ती त्यांनी लोकसभेत पंतप्रधानांच्या समोर उभे राहून मांडली. त्यांच्या त्यागाचे पोवाडे गाताना आपण हे विसरतो की त्या निवेदनाचा अर्धा भार प्रादेशिक भावनेवर असला तरी उरलेला अर्धा कार्यपद्धतीवर होता: निर्णय कोणी घ्यावयाचा होता आणि कोणी घेतला. सर्वोच्च पदाच्या निवडणुकीस हा पुरुष पुढे उभा राहिला, तो अशी दृष्टी घेऊन.

ती निवडणूक अकाली आली. 3 मे 1969 रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे निधन झाले. पदावर असता मृत्यू पावलेले ते पहिले राष्ट्रपती. येथे आपल्या राज्यघटनेची एक सूक्ष्म योजना ध्यानात घेतली पाहिजे. अमेरिकेत 1841 साली अध्यक्ष हॅरिसन वारले, तेव्हा उपाध्यक्ष टायलर हे अध्यक्ष झाले की अध्यक्षाचे काम पाहणारे उपाध्यक्षच राहिले, याचा वाद माजला. टायलरांनी पदावर हक्क सांगितला, तो पायंडा पडला, आणि त्याला घटनेच्या लेखी शब्दांचा आधार मिळावयास 1967 साल उजाडावे लागले. आपल्या घटनाकारांनी हा गुंता आरंभीच टाळला. 65 व्या अनुच्छेदाप्रमाणे उपराष्ट्रपती हे राष्ट्रपती होत नाहीत, नवा राष्ट्रपती येईपर्यंत त्या पदाचा कार्यभार तेवढा सांभाळतात. 62 व्या अनुच्छेदाप्रमाणे मृत्यूने रिकामी झालेली जागा सहा महिन्यांच्या आत निवडणुकीने भरलीच पाहिजे. आणि जो निवडून येईल त्याला मागच्याची उरलेली मुदत न मिळता पूर्ण पाच वर्षे मिळतात. कार्यभार सांभाळणाऱ्याला पद आपोआप पचविता येऊ नये, ही त्यामागची दक्षता आहे. या घटनेच्या मसुदा-समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर यांनी 1927 साली नात्यापासून दोन-तीन कोसांवरच्या महाडात चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून ज्या हक्काची घोषणा केली, तो जन्मसिद्ध श्रेष्ठतेच्या विरुद्धचा हक्क होता. जन्माने कोणीही राज्याचा धनी होत नाही हे तत्त्व राष्ट्रपतिपदाच्या कलमांतही उतरलेले आहे.

उपराष्ट्रपती वराहगिरी वेंकट गिरी यांनी त्याच दिवशी कार्यभार घेतला. पण उपराष्ट्रपतीची जागाही रिकामी झाली तर? घटनेने त्याचे उत्तर 70 व्या अनुच्छेदात संसदेवर सोपविले होते आणि एकोणीस वर्षे संसदेला त्याची गरज भासली नव्हती. आता ती भासली, आणि मे महिना संपण्याच्या आत कायदा झाला की अशा वेळी सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश, आणि तेही नसतील तर त्या न्यायालयाचे उपलब्ध असलेले ज्येष्ठतम न्यायाधीश, राष्ट्रपतींचे काम पाहतील. 1680 च्या गडावर जो कागद नव्हता, तो हा कागद. त्याचा उपयोगही लगेच झाला. काँग्रेस पक्षाच्या श्रेष्ठींनी नीलम संजीव रेड्डी यांना उमेदवारी दिली, पंतप्रधान इंदिरा गांधींना ती मनातून मान्य नव्हती, आणि गिरी स्वतंत्रपणे उभे राहिले. 19 जुलैला चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला आणि 20 जुलैला गिरींनी राजीनामा दिला. उपराष्ट्रपतीने राजीनामा राष्ट्रपतीकडे द्यावा आणि राष्ट्रपतीने उपराष्ट्रपतीकडे असे घटना सांगते. त्या दिवशी दोन्ही पदांची सूत्रे एकाच व्यक्तीच्या हाती होती, असा पेच घटनाकारांनाही सुचला नसावा. सरन्यायाधीश महंमद हिदायतुल्ला यांनी कार्यभार घेतला. नागपूरच्या न्यायालयात नावलौकिक मिळविलेले हे न्यायमूर्ती 24 ऑगस्टपर्यंत राष्ट्रपतिभवनाचे धनी होते, आणि अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन दिल्लीस आले त्यांचे स्वागत त्यांनीच केले. पाच आठवडे देशाचा प्रमुख निवडून आलेला नव्हता आणि एकही दरवाजा बंद करावा लागला नाही.

चिंतामणराव त्या वेळी त्र्याहत्तर वर्षांचे होते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवून ते मोकळे झाले होते. त्यांना पाठिंबा दिला तो स्वतंत्र पक्षाने आणि जनसंघाने. इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि आयुर्विम्याचा धंदा सरकारने ताब्यात घेतला, तो ज्यांच्या अर्थमंत्रिपदाच्या काळात, त्यांना खाजगी उद्योगाचा कैवार घेणाऱ्या स्वतंत्र पक्षाने उमेदवार करावे, हे वरवर पाहता विस्मयकारक आहे. परंतु राष्ट्रपतिपदासाठी धोरणापेक्षा निःस्पृहता आणि अधिकाराची मर्यादा ओळखण्याची वृत्ती अधिक मोलाची, असे मानणाऱ्यांना त्यात विसंगती दिसू नये.

राष्ट्रपतींना जनता थेट निवडीत नाही. संसदेचे आणि विधानसभांचे निर्वाचित सदस्य निवडतात. राज्याची लोकसंख्या निर्वाचित आमदारांच्या संख्येने भागावयाची आणि येणाऱ्या आकड्यातले हजार मोजावयाचे, म्हणजे त्या राज्याच्या एका आमदाराच्या मताचे मूल्य निघते. 1961 च्या शिरगणतीत महाराष्ट्राची लोकसंख्या 3,95,53,718 होती आणि विधानसभेत 270 जागा. भागाकार 1,46,495 येतो, म्हणून मूल्य 146. महाडच्या आमदाराने त्या वर्षी ज्या कागदावर पसंतीचे आकडे घातले, त्या कागदाचे वजन 146 होते, आणि त्या 146 हजारांत नात्याचा शेतकरी, कोंझरचा धनगर आणि पोलादपूरच्या पेठेतला दुकानदार हे सर्व मोजलेले होते. सर्व राज्यांच्या मतमूल्यांची बेरीज खासदारांच्या संख्येने भागली की खासदाराच्या मताचे मूल्य मिळते. त्या वर्षी ते 576 होते. राज्ये एकीकडे आणि संसद दुसरीकडे, अशी तुला समतोल राहावी म्हणून हा हिशेब.

मतदार एकाच उमेदवाराचे नाव सांगून थांबत नाही; पहिली पसंती कोणाला, तो न आला तर दुसरी कोणाला, हे अंकांनी लिहितो. निवडून येण्यास वैध मतमूल्याच्या निम्म्याहून अधिक मूल्य लागते. पहिल्या पसंतीत तेवढे कोणालाच न मिळाले, तर सर्वांत मागे राहिलेल्याला वगळून त्याच्या मतपत्रिका पुन्हा उघडावयाच्या आणि त्यांवरच्या पुढच्या पसंतीप्रमाणे त्या इतरांच्या ढिगात टाकावयाच्या. पहिल्या चार निवडणुकांत याची वेळ आली नव्हती. 1969 साली आली.

16 ऑगस्टला मतदान झाले, 20 तारखेस मोजणी. उमेदवार पंधरा होते. वैध मतांचे एकूण मूल्य 8,36,337 आणि विजयास लागणारा कोटा 4,18,169. पहिल्या पसंतीत गिरींना 4,01,515, रेड्डींना 3,13,548 आणि देशमुखांना 1,12,769 मिळाली. बाकीच्या साऱ्यांची मिळून 8,505; त्यांत पर्वतीच्या 1929 च्या सत्याग्रहाचे नेते आणि 1952 साली सोलापुरातून लोकसभेवर गेलेले पांडुरंग नथुजी राजभोज यांची 831. म्हणजे त्या निवडणुकीत महाराष्ट्राचे एकाहून अधिक पुत्र होते, आणि राजभोजांचे नाव आज महाराष्ट्रातही कोणाला आठवत नाही याचा मला खेद वाटतो.

गिरी आघाडीवर, पण कोट्याला सोळा हजारांनी उणे. आता लहान उमेदवार एकेक करून वगळले गेले आणि अखेर देशमुखांचा ढीग उघडला गेला. त्या क्षणापर्यंत जे पराभूत झाले होते, त्यांच्याच कागदांवर साऱ्या देशाचे डोळे लागले. दोन्ही पाठीराख्या पक्षांचा कल दुसऱ्या पसंतीत रेड्डींकडे होता. अंतिम आकडे असे: गिरी 4,20,077, रेड्डी 4,05,427. वगळलेल्यांच्या मतांतून रेड्डींच्या पदरात 91,879 पडली आणि गिरींच्या 18,562. 10,833 मूल्याच्या मतपत्रिकांवर पुढे उपयोगी पडेल अशी पसंतीच नव्हती. हा वजाबाकीचा हिशेब थोडा पुढे नेला तर असे दिसते की इतर सर्व लहान उमेदवारांची झाडून सारी मते रेड्डींकडे गेली असे धरले, तरी देशमुखांच्या मतांपैकी किमान 83,374, म्हणजे जवळजवळ तीन-चतुर्थांश, रेड्डींना गेलीच. एक पडलेला उमेदवार दुसऱ्याला विजयाच्या इतका निकट नेऊ शकला! उरलेल्या एका हिश्श्यात ज्यांनी पक्षाच्या इशाऱ्याकडे न पाहता गिरींना पसंती दिली किंवा पुढचा अंकच लिहिला नाही, त्यांनी उरलेले अंतर राखले. गिरी कोट्याच्या वर गेले ते अवघ्या 1,908 ने. खासदारांच्या चार मतांहूनही ते कमी भरते.

सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्या, असे आवाहन पंतप्रधानांच्या बाजूने झाले होते. पक्षशिस्तीचे अभिमानी त्याला फितुरी म्हणाले. त्यातूनच नोव्हेंबरात काँग्रेस दुभंगली. माझे मत असे की राष्ट्रपतिपदाचे मतदान गुप्त ठेवले आहे ते सदस्याला पक्षाच्या चाबकापासून मोकळे ठेवण्यासाठीच, आणि तो मोकळेपणा त्या दिवशी ज्यांनी वापरला त्यांच्यात देशमुखांचे पहिल्या पसंतीचे मतदारही धरले पाहिजेत. त्यांना विजयाची आशा नव्हती. तरी त्यांनी एका योग्य पुरुषाचे नाव पहिले लिहिले आणि नंतर दुसरा अंक लिहून प्रत्यक्ष निवडीतला आपला वाटाही राखला. ज्या पद्धतीत फक्त पहिलेच नाव मोजले जाते, तेथे अशा मतदाराला योग्यता आणि उपयोग यांपैकी एकाचा त्याग करावा लागतो.

निकालावर सर्वोच्च न्यायालयात आव्हान झाले. रेड्डींविरुद्ध एक बदनामीकारक पत्रक मतदारांत वाटले गेले होते, आणि त्या प्रकरणी राष्ट्रपती गिरी स्वतः न्यायालयात साक्षीस आले. 1970 साली याचिका फेटाळल्या गेल्या. 1974 साली कायदा बदलून उमेदवारामागे दहा सूचक आणि दहा अनुमोदक मतदार आवश्यक केले, अडीच हजारांची अनामत ठरविली. 1997 पासून ती संख्या प्रत्येकी पन्नास आणि अनामत पंधरा हजार आहे. एकही मत न मिळणाऱ्या उमेदवारांची गर्दी त्यामुळे आवरली, हे बरे झाले. तरी पन्नास-पन्नास सह्यांची अट पक्षांच्या हातात एक किल्ली देते, आणि राजभोजांसारखा एकाकी कार्यकर्ता आता त्या दारातून आत येऊ शकणार नाही, याची बोच राहते.

देशमुखांनी आपले आत्मचरित्र 1974 साली प्रसिद्ध केले. 2 ऑक्टोबर 1982 रोजी हैदराबादेस त्यांचे निधन झाले. तत्पूर्वी 11 फेब्रुवारी 1977 ला राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद पदावर असताच वारले, उपराष्ट्रपती बसप्पा दानप्पा जत्ती यांनी कार्यभार घेतला, सहा महिन्यांची मुदत पुन्हा धावू लागली. त्या वेळी सदतीस अर्ज आले, छाननीत छत्तीस बाद झाले, आणि उरलेला एक अर्ज होता आठ वर्षांपूर्वी 14,650 ने हरलेल्या नीलम संजीव रेड्डींचा. 25 जुलै 1977 रोजी, मुदत संपण्यास दोन आठवडे उरले असता, त्यांनी शपथ घेतली.